कपाटामागची बुरशी

गावात कुणाला काय दिसत नाही, हे चष्मेवाल्यांना तोंडपाठ होतं. रस्त्यात भेटलेल्या माणसाला नमस्कार करायच्या आधी ते त्याच्या काचेचा नंबर आठवत. अशा माणसाच्या स्वतःच्या बेडरूममध्ये, स्वतःच्या कपाटामागे, चादरीएवढं काळंहिरवं काहीतरी आरामात वाढत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ते दिसलं तेसुद्धा सुईमुळे. बायकोच्या हातून सुई कपाटाखाली गेली, ती काढायला त्यांनी कपाट सरकवलं आणि सुईचं नावच काढलं नाही.

"अगं, इकडे ये," ते म्हणाले. "जरा हळू ये."

हळू का यायचं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. पण कुणातरी मोठ्या असामीसमोर एकदम जाऊन उभं राहू नये असं वाटावं, तशी ती भिंत दिसत होती. खालच्या कोपऱ्यात गडद काळा, मध्ये शेवाळी आणि कडेला फिकट राखाडी असा तिचा पसारा होता. दुकानातलं भिंग त्यांच्या खिशात कायम असायचं. ते डोळ्याला लावून चष्मेवाले भिंतीवर वाकले आणि बराच वेळ सरळच झाले नाहीत.

आत रान होतं. केसाहून बारीक देठ, प्रत्येक देठाच्या टोकाला एक गोल डोकं, आणि अशी हजारो डोकी दाटीवाटीनं उभी. कुणी पेरलं नव्हतं, कुणी खत घातलं नव्हतं. नगरपालिकेनं रस्त्याच्या कडेला लावलेली झाडं कुंपण घालूनही जगत नव्हती, आणि इथं चुन्याच्या कोरड्या भिंतीवर, अंधारात, कपाटातल्या स्वेटरांच्या मागे हे सगळं उभं राहिलं होतं.

"याला पाणी कोण घालतं?" ते भारावून म्हणाले.

बायकोनं भिंग हातात घेतलं, पाहिलं, "सुंदर आहे हो," असं मोकळ्या मनानं कबूल केलं आणि ती खोकली. खोकली ती खोकतच राहिली. चष्मेवाल्यांनी दचकून भिंतीकडे पाहिलं. तिचा खोकला इतके दिवस का जात नव्हता, हे त्यांना एका क्षणात कळलं आणि त्यांनी तिच्या हातातलं भिंग काढून घेतलं.

कारण बायकोचा घसा ही साधी गोष्ट नव्हती. ती बस स्थानकावर गाड्या पुकारायची. तिला चेहऱ्यानं ओळखणारे थोडे, पण आवाज सगळ्या गावाच्या कानात बसलेला. भाजीवाल्याकडे तिनं "अर्धा किलो द्या" म्हटलं की शेजारी उभी असलेली माणसं नकळत आपापल्या पिशव्या उचलायची. खुद्द चष्मेवाले, लग्नाला इतकी वर्षं होऊनही, तिनं "जेवायला चला" म्हटलं की हातातलं काम अर्धवट टाकून उठायचे. उशीर केला तर ताट निघून जाईल असं त्यांना खरोखर वाटायचं.

आणि आता मुख्य कचेरीनं स्थानकावर एक यंत्र पाठवलं होतं. त्यात कुठल्याशा बाईचा आवाज भरून ठेवलेला होता. त्या बाईला आयुष्यात कधी सर्दी झालेली नव्हती. महिनाअखेरीला एक साहेब येणार, दोन्ही आवाज ऐकणार आणि कुठला ठेवायचा ते ठरवणार होते. इकडे बायकोचा आवाज "फलाट"पर्यंत नीट जायचा आणि "क्रमांक"वर चिरकायचा. कालच "बंदराकडे जाणारी" म्हणता म्हणता तो मध्येच बसला, आणि बंदराला जाणारी माणसं माना वर करून ताटकळत राहिली. घरी येऊन ती हसत हसत हे सांगत होती. चष्मेवाल्यांना मात्र तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं, आणि ते काही नंबरचं नव्हतं.

घशाचं खातं त्यांनी केव्हाच आपल्याकडे घेतलेलं होतं. रोज संध्याकाळी ती कामावरून आली की बेडरूममध्ये वाफारा. सुरुवातीला पातेलं लहान होतं. आवाज सुधारेना, तसं त्यांनी पातेलं वाढवत नेलं, आणि आता पाहुणे आल्यावर भात करायचं पातेलं त्या कामाला लागलं होतं. वारा लागून घसा धरू नये म्हणून बेडरूमच्या खिडक्या त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केल्या होत्या. फटीफटीत रबरी पट्ट्या, त्यावर चिकटपट्टी, आणि त्यावर आणखी एक चिकटपट्टी. चष्म्याच्या चौकटीत काच बसवणाऱ्याचा हात तो. घट्ट झाकणाच्या डब्यासारखी खोली झाली होती. धुतलेले कपडेही आतच वाळत, कारण बाहेरच्या धुळीनं तिला शिंका येतात असं त्यांचं मत होतं.

तर बुरशीवर पहिला हल्ला त्यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी केला. हत्यार होतं केरसुणी. भिंतीवर त्यांनी ती सपासप चालवली, आणि ती हजारो डोकी एका दमात फुटली. खोलीत हिरवट धुरळा उठला, उन्हाच्या तिरिपीत चमकत हळूहळू खाली बसला. चष्मेवाले तोंड उघडं ठेवून पाहत राहिले, जे करायला नको होतं. दोघेही दिवसभर खोकले. आठवड्यानं कपाटामागच्या भिंतीबरोबर समोरची भिंतही हिरवी दिसायला लागली. पेरणी छान झाली होती.

मग सल्ले आले. समोरच्या काकू पदर खोचूनच आल्या. "व्हिनेगर," त्या म्हणाल्या. "दुसरं काही लावाल तर माझ्याशी गाठ आहे." व्हिनेगर लावलं. बेडरूमला लोणच्याच्या बरणीचा वास यायला लागला आणि बुरशी थोडी फिकी पडली. दोन दिवसांनी ती ताजीतवानी होऊन परत आली, जणू हवापालट करून आली होती. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी ब्लीचिंग पावडर सुचवली. "एकदम पांढरं होतं बघा." पांढरं झालंच. भिंत झाली आणि चष्मेवाल्यांची तपकिरी विजारही झाली. दोन दिवसांनी भिंत पुन्हा हिरवी झाली, म्हणून ते व्हिनेगरवरच ब्लीचिंगचं पाणी ओतायला निघाले, तेवढ्यात बायकोनं त्यांचं मनगट धरलं. "अहो, पाकिटावर लिहिलंय काय ते तरी वाचा! दुसऱ्यांना वाचायचे चष्मे देता ना?" घसा बसलेला असूनही हे वाक्य तिनं असं टाकलं की चष्मेवाले एक पाऊल मागे सरकले.

तिचा भाऊ रंगांच्या दुकानात विक्रेता होता. तो आला तो हातात डबा घेऊनच.

"भाऊजी, एवढं काय मनाला लावून घेता? वरून हा मारा. पाणी आत येत नाही, बुरशी बाहेर येत नाही. विषय संपला."

रंगारी आला. त्यानं बुरशीवरून दोन हात मारले, आणि भिंत अशी गुळगुळीत झाली की चष्मेवाल्यांना तिच्यात स्वतःचा भांग दिसला. चार दिवस घरात आनंदीआनंद होता. पाचव्या दिवशी भिंतीला फोड आले. चष्मेवाल्यांनी एका फोडाला नख लावलं, आणि साय निघावी तसा रंगाचा सबंध पापुद्रा त्यांच्या हातात आला. मागे ती होती. पहिल्यापेक्षा हिरवी, पहिल्यापेक्षा दाट. त्यांनी भिंग काढून पाहिलं आणि त्यांच्या तोंडून आपोआप "वा!" निघून गेलं. शत्रू असला म्हणून काय झालं! अंगावर दोन थर चढवले, तोंड बंद केलं, आणि ही आतल्या आत वाढतच राहिली. कचेरीत एवढी चिकाटी असणारा एक कारकून मिळाला, तर देशाचं भलं होईल असं त्यांना वाटलं.

"वरून गळतंय," मेव्हण्यानं आता निकाल बदलला. "आजोबांचं न्हाणीघर. दुसरं काय असणार?"

इथून प्रकरण इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेलं. सेक्रेटरी हा नियमानं चालणारा माणूस होता. त्यांच्याकडे तक्रारी दोनच प्रकारच्या घेतल्या जात, गळती आणि तडा.

"तुमचं यातलं काय आहे?"

"बुरशी आहे."

"बुरशीची सोय नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तक्रारीत सोय नाही. घरात असेल. पाणी टपकतंय का?"

"टपकत नाही."

"भेग आहे?"

"नाही."

"मग तुमची भिंत उत्तम आहे," सेक्रेटरी म्हणाले आणि अभिनंदन केल्यासारखा त्यांनी हात पुढे केला.

चष्मेवाल्यांचा हा अपमान होता. गेली कित्येक वर्षं याच सेक्रेटरींना ते दूरचं आणि जवळचं असं दोन्ही दाखवत आले होते. अखेर त्यांनी छातीठोकपणे "गळती" म्हणून सांगितलं, आणि रविवारी सकाळी सगळी समिती त्यांच्या बेडरूममध्ये आली. कपाट सरकवलं गेलं. खजिनदारांनी हात मागे बांधले. सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. शेवटी आजोबा, म्हणजे आरोपीच, हळूच म्हणाले, "वाढतंय मात्र काय! माझ्या कुंड्यांत तुळतुळीत माती आहे नुसती."

तरीही आजोबांच्या न्हाणीघराची फरशी उखडण्यात आली. खाली काहीही नव्हतं. फरशीखालची वाळू कोरडी ठणठणीत, इतकी की प्लंबरनं चिमूटभर उडवून दाखवली. आजोबांना आठवडाभर शेजारी बादली घेऊन जावं लागलं. फरशी उखडली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले, चष्मेवाल्यांकडूनच घेतलेला चष्मा त्यांनी काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हा ठेवा तुम्ही. तुम्हाला जास्त गरज आहे." त्यानंतर जिन्यात भेटले तरी ते भिंतीकडे बघत. जिन्याची भिंत स्वच्छ होती.

महिना सरत आला. बायकोचा आवाज आता कुजबुजण्यावर आला होता. स्थानकावर चिठ्ठी लिहून ती दुसऱ्याला पुकारायला द्यायची. घरी ती आरशासमोर बसून ओठ हलवत "बंदराकडे जाणारी गाडी" म्हणायची आणि नुसती हवा बाहेर यायची. आरशावर पाणी ओघळत असल्यामुळे तिचा चेहराही धड दिसायचा नाही. चष्मेवाले सैरभैर झाले. त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी वाफारा दोन वेळा केला.

एके दुपारी दुकानात एक निवृत्त मुख्याध्यापिका तणतणत आल्या. "चष्मा बदलून द्या. स्वयंपाकघरात गेले की काही दिसत नाही. काच सदोष आहे."

चष्मेवाले हसले. हे भाषण त्यांनी आयुष्यभर केलं होतं, झोपेतही करू शकले असते. "काच उत्तम आहे बाई. हवेतलं पाणी आहे ते. वाफ कोंडली की तिला बसायला जागा लागते, आणि जी वस्तू सगळ्यात गार, तिच्यावर ती जाऊन बसते. तुमच्याकडे चष्मा गार असतो. खिडकी उघडत चला, वाफ जाईल, सगळं लख्ख दिसेल."

बाई समाधान पावून गेल्या. चष्मेवालेही स्वतःवर खूश होऊन घरी आले.

संध्याकाळी ते उकळतं पातेलं दोन्ही हातांत धरून बेडरूममध्ये शिरले, दार पायानं लोटून घेतलं, आणि त्यांचा चष्मा धुरकट झाला. तो रोजच व्हायचा. रोज ते पातेलं ठेवून चष्मा पुसायचे. पण आज तोंडाला सवय होती, दुपारचंच भाषण ओठांवर होतं. आंधळ्यासारखे उभे राहून ते आपल्याच नादात म्हणाले, "काच उत्तम आहे बाई. हवेतलं पाणी आहे ते."

आणि पातेलं खाली ठेवायचं राहिलं.

चादरीखालून बायकोचं डोकं बाहेर आलं. "काय म्हणालात?" ती कुजबुजली.

"काही नाही. गिऱ्हाइकांना सांगतो ते." पातेलं त्यांच्या हातात तसंच होतं. "वाफ कोंडली की... जी वस्तू सगळ्यात गार..." त्यांनी पातेलं खाली ठेवलं, चष्मा न पुसताच चाचपडत कपाटापाशी गेले, मागे हात घातला आणि तळवा भिंतीला लावला. ती बाहेरच्या बाजूची भिंत होती, रात्रंदिवस समुद्रावरचा वारा झेलणारी. गार होती. आणि चिंब ओली होती.

त्यांना आरसा आठवला, ओघळ आठवले, दोरीवरचे ओले कपडे आठवले, पट्ट्यांवर मारलेल्या पट्ट्या आठवल्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, याला पाणी कोण घालतं. पाणी ते घालत होते. रोज संध्याकाळी, वेळेवर, पातेलं वाढवत वाढवत, आणि गेल्या काही दिवसांत तर दोन वेळा. बायकोच्या घशासाठी वाफ, वाफेतून बुरशी, बुरशीतून खोकला, खोकल्यासाठी पुन्हा वाफ. एखादं चक्र असं बिनचूक फिरताना त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. ते पलंगावर बसले आणि म्हणाले, "अगं, तुझा आवाज मीच घालवला."

त्यांनी सगळं सांगितलं. बायको ऐकत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून त्यांनी घाईनं चष्मा पुसला, तर ती आवाज न करता हसत होती. हसता हसता खोकली आणि मग त्यांच्या कानाशी तोंड आणून कुजबुजली, "माझ्यासाठी इतकं कुणी केलं नाही हो."

चष्मेवाल्यांनी तिचा हात हातात घेतला.

"आणि बुरशीसाठीही," ती म्हणाली.

खिडकी उघडायची ठरली, पण खिडकी कसली उघडते! चौकटीत काच बसवणाऱ्या हातांचं काम होतं ते. चाकू वाकला, पकड सटकली, अखेर त्यांनी हातोडी घेतली. त्या ठोकाठोकीनं दार वाजलं. बाहेर आजोबा उभे होते.

"आता कुणाची फरशी फोडताय?"

"माझीच चूक फोडतोय, आजोबा. तुमच्याकडे पाणी नव्हतंच. पाणी माझं होतं." चष्मेवाल्यांनी हात जोडले.

आजोबांनी पातेल्याकडे पाहिलं, पट्ट्यांकडे पाहिलं, चादर पांघरून बसलेल्या बायकोकडे पाहिलं. त्यांना कळायला वेळ लागला नाही. "सरका," ते म्हणाले, आणि त्यांनी खिडकीला खांदा लावला. दोघांनी मिळून असा रेटा दिला की खिडकी धाडकन उघडली आणि तिघांच्या अंगावर वारा आला. दोरीवरचे कपडे फडफडले. आरसा कडेपासून हळूहळू साफ होत गेला आणि त्यात तिघंही दिसायला लागले. रोज फुकट मिळणारी ही गोष्ट इतकी मोठी असते, असं चष्मेवाल्यांना वाटलं आणि त्यांनी ते मोठ्यानं बोलून दाखवलं. आजोबा म्हणाले, "माझा चष्मा परत द्या. आता तुम्हाला दिसतंय."

नंतरचं काम साधंच होतं. बायकोची झोपायची सोय बाहेरच्या खोलीत केली. चष्मेवाल्यांनी नाकातोंडाला फडकं बांधलं, ओल्या फडक्यानं साबणाचं पाणी लावून दोन्ही भिंती पुसल्या, धुरळा उडू न देता. पोचट झालेला गिलावा खरवडून नवा करून घेतला. कपाट भिंतीपासून हातभर पुढे आलं, कपडे गच्चीत गेले, पातेलं भाताकडे परत गेलं. शेवटचा तुकडा पुसण्याआधी त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि एकदा डोळे भरून पाहून घेतलं. "थोडी बाटलीत ठेवू का?" त्यांनी विचारलं. बायकोनं नुसतं पाहिलं. त्यांनी पुसून टाकली.

साहेब पंधरवडाभर उशिरा आले, त्या दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान बंद ठेवलं आणि बस स्थानकावर एका खांबाआड जाऊन उभे राहिले. बायकोचा आवाज परतला होता, पण पुरता नाही. सकाळी चहाच्या वेळी तो "साखर"वर अडखळला होता. साहेब खुर्चीवर बसले, शेजारी बॅग ठेवली. आधी यंत्र बोललं. स्वच्छ, गोड, एकसारखं बोललं. प्रवाशांनी शेंगा खाणं चालू ठेवलं. दोघंतिघं एकमेकांना विचारत होते, "काय म्हणाली?" साहेब मान डोलावत होते. चष्मेवाल्यांचे तळवे त्या भिंतीसारखे ओले झाले.

मग भोंग्यात खरखर झाली. एक क्षण काहीच नाही. चष्मेवाल्यांनी खांब धरला.

"बंदराकडे जाणारी गाडी," आवाज आला, "फलाट क्रमांक चार."

तो थोडा घोगरा होता. कुठंतरी तळाशी एक बारीक खर होती, पूर्वी नव्हती ती. पण "क्रमांक" सहज पार पडलं, आणि सगळं स्थानक उठलं. शेंगांच्या पुड्या मिटल्या, पोरं कडेवर गेली, गाठोडी डोक्यावर चढली. "गाडी सुटत आहे," आवाज म्हणाला, जरा दटावून, आणि खुर्चीवरचे साहेब ताडकन उठले, बॅग उचलली आणि फलाट क्रमांक चारकडे धावत सुटले. निकाल द्यायचा राहिला आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. अर्थात, त्यापेक्षा वेगळा निकाल तो काय असणार होता!

चष्मेवाल्यांना हे सगळं बायकोला जाऊन सांगायचं होतं. डोळे भरून आले होते आणि काचा धुरकट झाल्या होत्या, म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला. तो परत घातला तेव्हा ते खिडकीशेजारच्या बाकावर बसलेले होते, बाजूला धापा टाकणारे साहेब होते आणि गाडी स्थानकाच्या फाटकातून बाहेर पडत होती.

"कुठे जायचंय?" वाहकानं विचारलं.

चष्मेवाल्यांनी मागे वळून भोंग्याकडे पाहिलं. "त्या म्हणतील तिथे," ते म्हणाले.